निंबर्गी मॅडम आणि कलम सत्तावन्न

कुणाच्या लग्नात जेवायला बसलं की माणूस पानात काय वाढलंय ते बघतो. निंबर्गी मॅडम पाण्याच्या बाटलीवरचं लेबल वाचायच्या. चष्मा कपाळावर सरकवायचा, बाटली नाकापाशी न्यायची आणि शेजारी बसलेल्याला, तो ओळखीचा असो नसो, सांगायचं, "हे नाव चोरलंय बघा. मूळ कंपनीचं वेगळं हाय. एक वेलांटी बदलली की आपलं झालं असं वाटतं लोकांना." शेजारचा बिचारा हातात घास धरून मान हलवायचा आणि पुढच्या लग्नात त्यांच्यापासून चार पानं लांब बसायचा.

सोलापूरच्या कोर्टात आम्ही बहुतेक सगळे जमिनीचे, वाटण्यांचे, चेक न वटल्याचे वकील. माझं स्वतःचं आयुष्य लोकांच्या बांधावरून भांडण्यात गेलं. ट्रेडमार्क आणि कॉपीराइट या दोन शब्दांवर घर चालवणाऱ्या निंबर्गी मॅडम एकट्याच. शेंगाचटणीच्या पाकिटावरची नावं, विडीच्या बंडलावरचे वाघ-सिंह, चादरीच्या कोपऱ्यातले शिक्के, हे त्यांचं राज्य. बार रूममध्ये त्यांना पाठीमागं 'मार्का मॅडम' म्हणायचे. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, "म्हणू द्या की. नोंदवलेलं थोडंच हाय."

परवा त्यांच्या टेबलावर आता बसणाऱ्या नव्या वकिलानं मला विचारलं, "सर, त्या मार्का मॅडम कशा होत्या?" मी सांगायला तोंड उघडलं आणि दोन वाक्यांत माझं संपलं. उंच होत्या, एकट्या राहायच्या. एवढंच? माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून होतं, केस काळे होते तेव्हापासून. मला स्वतःचाच राग आला. म्हणून आता बसून लिहितोय.

उंच होत्याच. कपाळाला विभूतीची बारीक रेघ, पांढरी सुती साडी, वर काळा कोट, आणि कोटाच्या खिशात कायम एक भिंग. घरचं बोलणं कानडी, त्यामुळं कागद मोजायला लागल्या की ओंदु, एरडु, मूरु असं पुटपुटायच्या आणि मधे कुणी मराठीत काही विचारलं की पहिल्यापासून मोजायला लागायच्या. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. जेवताना खुर्ची फिरवून खिडकीकडं तोंड करून बसायच्या. आम्ही सुरुवातीला बोलवायचो. "मला बोलत जेवता येत नाही," असं त्यांनी एकदा सांगितलं आणि आम्ही बोलावणं सोडून दिलं. वकिलांना एवढं निमित्त पुरतं.

त्यांचा आवडता शब्द 'अन्यथा'. त्यांच्या प्रत्येक नोटिशीच्या शेवटच्या परिच्छेदात तो यायचा, आणि त्याच्यापुढं जे काही असायचं ते वाचून चटणीवाल्यांना घाम फुटायचा. नोटीस टाइप होऊन आली की त्या आधी 'अन्यथा' कुठं आहे ते बघायच्या, मग बाकीचं वाचायच्या.

आणि सही. मॅडमना बिनसहीची कुठलीही गोष्ट सहन व्हायची नाही. बाळीवेशीत त्यांच्या घराशेजारची पोर गणपतीचं चित्र दाखवायला आली की कौतुक नंतर, आधी "खाली नाव घाल. तारीख घाल." संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर बायका रांगोळ्या घालतात. मॅडम कमरेवर हात ठेवून त्या गल्लीतून फिरायच्या आणि प्रत्येकीला म्हणायच्या, "कोपऱ्यात नाव लिही की गं." एकदा एक सून हसून म्हणाली, "मॅडम, घटकाभरानं पायानं पुसणारच की हे." मॅडम म्हणाल्या, "पुसू दे. पुसेपर्यंत तुझी हाय." ती सून बघतच राहिली. मग खरंच वाकून तिनं हळदीच्या रंगानं आपलं नाव लिहिलं, आणि सासूनं काय लिहिलं म्हणून विचारल्यावर लाजून पदर तोंडाला लावला.

अशा या बाईंच्या टेबलावर एक दिवस राजय्या मेरगू नावाच्या माणसानं चादर पसरली.

राजय्या आमच्या पूर्व भागातला, तेलुगू विणकरांच्या घरातला. एका चादरीच्या गिरणीत तो नक्षी काढायला होता. चादरीवर मोर किंवा कमळ यायचं तर आधी ग्राफपेपरवर बारीक बारीक चौकोन रंगवून ते उतरवावं लागतं. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, ते पुठ्ठे मागावर चढवायचे, मग मोर विणला जातो. राजय्याचं काम त्या पहिल्या कागदापुरतं. ठेंगणा, गोरा, बोटांना कायम रंग लागलेला माणूस. बोलायचा इतकं हळू की समोरच्याला पुढं वाकावं लागायचं.

त्याची तक्रार अशी होती की त्यानं काढलेला मोर दुसऱ्या एका कारखान्यानं उचलला होता.

"ग्राफ कुणाकडं हाय?" मॅडमनी विचारलं.

"शेठकडं. दिला की मी."

"लिहून दिलं काही?"

राजय्याला प्रश्नच समजला नाही. "लिहून कशाला? कागद दिला म्हणजे दिला. ज्याच्याकडं कागद, त्याची नक्षी. आमच्यात असंच असतंय, मॅडम."

"अय्यो! कागद दिला म्हणजे कागद दिला," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला की सगळी बार रूम ऐकायची. "नक्षी वेगळी, कागद वेगळा. एखाद्याला पत्र पाठवलं म्हणजे त्यातल्या ओळी त्याच्या होतात काय?" मग त्यांनी बोटावर मोजत त्याला सगळं सांगितलं. तो पगारी नोकर, म्हणून कॉपीराइटचा पहिला मालक गिरणीवाला. गिरणीवाल्यानं ती नक्षी डिझाइन म्हणून नोंदवायला हवी होती, त्यानं नोंदवली नाही. नोंद न करता मागावर पन्नासाच्या वर नग काढले की कॉपीराइट तिथंच संपतो. "तुमच्या मोराच्या तर हजारो चादरी निघाल्या. आता तो कुणीही विणावा."

राजय्यानं चादरीची घडी घालायला घेतली. "मग माझं काय राह्यलं?"

"नाव," मॅडम म्हणाल्या. "कलम सत्तावन्न. हक्क विकला तरी, 'हे मी केलं' म्हणायचा हक्क माणसाचा माणसापाशी राहतो. तो गेल्यावर त्याच्या वारसाला पण तो मागता येतो."

"नाव कोण विचारतंय, मॅडम? चादर घेणारा कोपरा धरून बघतोय, ऊब हाय का नाही."

यावर निंबर्गी मॅडम हसल्या. चांगल्या खळखळून. मी फायलीतून मान वर काढली, कारण तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

ती चादर मी नीट बघितली होती, कारण त्यातले मोर मागं बघणारे होते. बाकी चादरींवर दोन मोर चोचीला चोच लावून उभे असतात. राजय्याचे मोर निघालेत एका दिशेला आणि माना वळवून बघतायत मागं. मी कारण विचारलं तर म्हणाला, "चोची भिडल्या की मधली जागा बाद होते. मान वळवली की तितं एक कमळ बसतंय." एवढं साधं.

त्यानंतर तो शनिवारी येऊ लागला. काम काही नसायचं. मॅडमच्या बाळीवेशीतल्या ऑफिसात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, तो एका बाजूला ग्राफ रंगवत बसायचा आणि दुसऱ्या बाजूला या नोटिशी लिहायच्या. मी एकदा कागदावर सही घ्यायला गेलो तेव्हा बघितलं, दोघं जेवत होते. कडक भाकरी यांची, अंबाडीची भाजी त्याची. मॅडम एका हातानं भाकरी मोडत कुठल्या तरी अगरबत्तीच्या खटल्याविषयी सांगत होत्या. बोलत जेवता येत नाही म्हणणारी बाई तोंडातला घास संपायच्या आत पुढचं वाक्य सुरू करत होती. मी दारातूनच परत फिरलो. सही सोमवारी घेतली.

त्या दोघांनी लग्न का केलं नाही, हे मला ठाऊक नाही. बार रूममधल्या उनाड तोंडांनी आपापल्या परीनं उत्तरं शोधली होती. मला वाटतं, तिकडं त्याची आई होती, इकडं यांचे वडील. ते दोघं जाईपर्यंत ही दोघं पिकली. कुणी नको म्हटलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तो त्यांना शेवटपर्यंत 'मॅडम' म्हणत राहिला आणि त्या त्याला 'अहो राजय्या'. शनिवार तेवढा दोघांचा होता, आणि त्याची कुठं नोंद नव्हती.

राजय्या दम्यानं गेला. ती बातमी मॅडमना एका पक्षकारानं सांगितली, चादरीच्या धंद्यातलं इकडचं तिकडचं बोलता बोलता. मी त्यांना स्कूटरवर घेऊन पूर्व भागात गेलो. दहन आदल्या दिवशीच उरकलं होतं. आत बायका बसल्या होत्या, बाहेर मांडवात गिरणीतली माणसं. काळा कोट बघून कुणीतरी लगबगीनं उठलं आणि मॅडमना बाहेर, पुरुषांच्या रांगेत, एक प्लास्टिकची खुर्ची दिली. वकिलीणबाई आल्या म्हणून मान राखला त्या लोकांनी. आत जाऊन रडायला त्यांचं नातं लागत नव्हतं आणि बाहेर बसून बोलायला ओळख नव्हती. थोडा वेळ बसून त्या उठल्या. परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मागून म्हणाल्या, "आता शनिवारी बार रूमला येत जाईन मी."

आणि खरंच यायला लागल्या. खिडकीकडं तोंड करून जेवायच्या.

पुढं ते टोकनचं वारं आलं. चित्रं, फोटो, माकडांची कार्टूनं, सगळं म्हणे इंटरनेटवर टोकन करून विकतात. घेणाऱ्याला हातात काही मिळत नाही, एका न खोडता येणाऱ्या वहीत 'हे अमक्याचं' अशी ओळ लिहिली जाते. माझ्या डोक्यावरून गेलं. मॅडमनी मात्र भिंग घेऊन त्या कंपन्यांच्या अटी वाचून काढल्या. "लई गंमत हाय," म्हणायच्या. "जग कुठल्या कुठं गेलं, पण चूक आपल्या पूर्व भागातलीच करतंय."

ती चूक घेऊन एक दिवस एमआयडीसीतले एक कारखानदार आले. टॉवेलचा धंदा, गळ्यात जाड साखळी, हातात दोन मोबाईल. त्यांनी चित्राचं एक टोकन विकत घेतलं होतं आणि त्या नक्षीचे टॉवेल काढायला घेतले होते. आता शेजारचा कारखानाही तीच नक्षी काढत होता. त्यांना शेजाऱ्याला नोटीस द्यायची होती.

"कशाच्या आधारावर?" मॅडमनी विचारलं.

"म्हणजे काय? टोकन माझ्याकडं हाय की! ह्यो बघा, माझ्या मोबाईलच्या पाकिटात. आपल्यात ग्राफ ज्याच्याकडं, नक्षी त्याची. मग ह्यो डिजिटल ग्राफच झाला की."

मॅडमनी त्यांना शेजारी बसवून अटी वाचून दाखवल्या. घेणाऱ्यानं हे चित्र बघावं, मित्रांना दाखवावं, पुन्हा विकावं. चित्राचा कॉपीराइट यात दिलेला नाही. धंद्यासाठी वापरता येणार नाही. "शेठ, पावती खरी हाय तुमची. पण कशाची पावती, ते वाचलंच नाही तुम्ही. बघायला घेतलंय. विणायला नाही."

"बघायला? एवढ्यासाठी?" शेठ माझ्याकडं वळले, जणू मी ते विकलं होतं. मी फायलीत डोकं घातलं.

"दाखवा तरी काय घेतलंय ते," मॅडम म्हणाल्या, हसतच. शेठनी मोबाईल पुढं केला.

मॅडमनी भिंग काढलं आणि मग ते तसंच हातात राहिलं. माझ्या खुर्चीवरून मलाही दिसलं. मागं बघणारे मोर, मधे कमळ. रंग उजळ केलेले, कडा साफ केलेल्या. खाली इंग्रजीत रचनाकाराचं नाव. ते एका मुलीचं होतं, सानिका म्हणून कुणी, पुण्याची.

"हे चित्र मला पाठवून ठेवा," मॅडम म्हणाल्या. शेठ काहीतरी बोलत राहिले. मॅडमचा चहा आला, निवला, आणि पोऱ्या कप उचलून घेऊन गेला तरी त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला एक प्रश्न विचारला. वारसाहक्क हा माझा रोजचा धंदा, पण कायदा त्यांनाही माझ्याइतकाच येत होता.

"अविवाहित पुरुष. आई-वडील वारलेले, भाऊ नाही. एक बहीण हाय. वारस कोण?"

"बहीण," मी म्हणालो.

"आणखी कोण?"

"आणखी कोणी नाही."

"बघा बरं नीट. आणखी कोणी?"

मी पेन खाली ठेवलं. त्यांच्याकडं बघितलं. "नाही मॅडम," मी म्हणालो, "कायद्यानं नाही."

"मी पण तेच म्हणते," त्या म्हणाल्या आणि ओंदु, एरडु करत कागद मोजायला लागल्या. मला फार वाईट वाटलं. सगळ्या गावाला आपल्या गोष्टीवर नाव घाला म्हणून सांगत फिरलेल्या या बाईला, जिथं तिला खरंच नाव मागायचं होतं, तिथं मागायचा अधिकार नव्हता. तो हवा असेल तर राजय्याच्या बहिणीकडं जाऊन वकीलपत्र घ्यायचं, आणि फी घेणाऱ्या वकिलासारखं उभं राहायचं. तेवढाच रस्ता होता.

आम्ही गेलो. बहीण नागमणी, विड्या वळायची. सूप मांडीवर, हात चालू. तिचा मुलगा श्रीनिवास मोबाईलच्या दुकानात कामाला होता, त्यानं आईला तेलुगूत समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि मॅडमना मराठीत विचारलं, "नाव लागलं तर काय मिळतंय?"

"काही मिळत नाही. नाव लागतं."

"आन न्हाय लागलं तर?"

"तर जगात कुणालाही वाटंल, ते मोर त्या पोरीनं काढले. कायमचं वाटंल. ती वही खोडता येत नाही."

नागमणीचे हात थांबले. "आमचा अण्णा डोळं फोडून काढायचा वो ते चौकोन. दिवाबत्तीच्या येळंपर्यंत." मग तिनं मॅडमकडं निरखून बघितलं. "पर तुमी कशापायी एवढं करताय? फी बी न्हाय म्हणताय."

मॅडमनी उत्तर द्यायला इतका वेळ घेतला की मला वाटलं, आता सांगतील. "वकील हाय मी," त्या म्हणाल्या.

नागमणीनं वकीलपत्रावर अंगठा उठवला.

सानिकाला द्यायची नोटीस मॅडमनी स्वतः लिहिली. मी वाचली आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पुन्हा वाचली. त्यात 'अन्यथा' नव्हता.

"घालून काय करू?" त्या म्हणाल्या. "कॉपीराइट कधीच संपलाय. तो संपल्यावर सत्तावन्न उरतं का, यावर वाद हाय. माझ्या मते उरतं. पण कोर्टात गेले आणि पडले, तर त्याचं नाव त्याचं नव्हतं असं निकालात लिहून येईल. ते मला बघायचं नाही." म्हणून त्यांनी फक्त राजय्या कोण होता ते लिहिलं होतं. कुठं बसायचा, रंग कसा घोटायचा, मोरांची मान का वळवायचा. विनंती एका ओळीची होती.

सानिकानं आठवड्याच्या आतच व्हिडिओवर फोन केला. आमच्या बार रूममध्येच तो झाला, श्रीनिवासनं लॅपटॉप जोडून दिला. पोरगी पंचविशीची असेल. घाबरलेली होती. गिरणी बंद पडली तेव्हा रद्दीवाल्याकडून तिनं ते ग्राफ विकत घेतले होते. "मॅडम, मी चोरी नाही केली. मी ते कागद रीतसर विकत घेतले. मला वाटलं, माझेच झाले ते."

"कागद तुझेच हायत, बाळ," मॅडम म्हणाल्या. "ते मी मागत नाही. खाली नाव तुझं घातलंस, तेवढंच चुकलं."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, नाव बदलायची तिची तयारी आहे, पण लिहिलेलं बदलता येत नाही. एकच करता येतं. शेठनी त्यांचं टोकन परत दिलं तर ती ते जाळेल आणि खऱ्या नावानं नवीन करून त्यांना देईल.

"जाळशील म्हणजे?"

"म्हणजे ज्याची किल्ली कुणाकडंच नाही अशा पत्त्यावर ते पाठवून द्यायचं. तिकडून परत येत नाही. त्याला जाळणं म्हणतात."

मॅडम स्क्रीनकडं वाकल्या. मग अगदी हळू, राजय्यासारख्या आवाजात, म्हणाल्या, "जाळताना मला बघता येईल का?"

"हो मॅडम. स्क्रीनवर दिसेल."

मी उठून खिडकीपाशी गेलो. पूर्व भागातली ती प्लास्टिकची खुर्ची माझ्या डोळ्यांसमोर आली आणि मला तिथं बसवेना.

राहता राहिले शेठ. टोकन परत द्यायचं म्हटल्यावर ते उसळले. मॅडमनी त्यांना सरळच सांगितलं की ही नक्षी विणायला त्यांना कधीच कुणाची परवानगी लागत नव्हती, शेजाऱ्यालाही लागत नव्हती, तिच्यावरचा हक्क केव्हाच संपलेला आहे. "मग मी घेतलं काय?" शेठ ओरडले. "शोभेची वस्तू," मॅडम म्हणाल्या. "ती खोट्या नावाची ठेवायची का खऱ्या, राजय्या मेरगूच्या, तेवढं ठरवा." शेठनी मानेवरची साखळी दोनदा सरळ केली. मग म्हणाले, "राजय्या मास्तर म्हणजे ते ठेंगणे? आमच्या वडलांकडं यायचे की ते. आधी नाही का सांगायचं!" आणि दिलं त्यांनी. माणूस वाईट नव्हता.

ते जळताना मॅडमनी टेबलावरच्या स्क्रीनवर पाहिलं. पाहण्यासारखं काही नव्हतं, आकड्यांची एक ओळ आली आणि खाली गेली. मॅडमनी मात्र त्याआधी चप्पल काढून ठेवली होती.

मला त्यांची शेवटची आठवण आहे ती नंतर आठवडाभरानं तडजोडीच्या कागदावर सह्या झाल्या, त्या दिवसाची. त्याच्यापुढं कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली, मॅडम कलबुर्गीला भाचीकडं गेल्या, तिथं आजारी पडल्या आणि परत आल्याच नाहीत. त्यामुळं माझ्यापुरत्या त्या त्याच दिवशी थांबल्यात.

नोटरीकडून सगळे बाहेर लिंबाच्या झाडाखाली आले. नागमणी ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, श्रीनिवासची बायको होती, कडेवर पोर होतं. श्रीनिवासनं बायकोच्या मोबाईलवर नवीन टोकन उघडलं. मागं बघणारे मोर, आणि खाली, 'रचनाकार: राजय्या मेरगू, सोलापूर.' त्यानं ते आईला वाचून दाखवलं. नागमणीला वाचता येत नव्हतं. तिनं बोट लावून विचारलं, "ह्येच का? ह्येच अण्णाचं नाव?" त्यानं पुन्हा वाचलं. तिनं त्या काचेला कपाळ लावलं.

"फोटो काढू की आई," श्रीनिवास म्हणाला. मोर दिसतील असा तो मोबाईल नागमणीनं छातीशी धरला, सगळे तिच्याभोवती उभे राहिले. श्रीनिवासनं इकडं तिकडं बघितलं आणि आपला मोबाईल मॅडमपुढं केला. "मॅडम, जरा काढता का? घरचे सगळे येतील एकात."

मी पुढं झालो. "मी काढतो. मॅडम, तुम्ही उभ्या राहा की त्यांच्यात."

"नको," मॅडम म्हणाल्या. "घरच्यांचा हाय तो."

त्यांनी मोबाईल घेतला. चष्मा कपाळावर सरकवला. "नागमणीबाई, उन्हाकडं तोंड करा. मोबाईल जरा वर धरा. आणखी वर. नाव झाकतंय तुमचा अंगठा." फार वेळ त्या तसंच बघत राहिल्या. पोर रडायला लागलं तेव्हा कुठं त्यांनी बटण दाबलं.

मंडळी पाया पडून, आभार मानून निघून गेली. लिंबाखाली आम्ही दोघंच उरलो. मी आपला नेहमीसारखा चेष्टेवर गेलो. "मॅडम, फोटोवर हक्क फोटो काढणाऱ्याचा ना? तुम्हीच सांगता."

"व्हय की," त्या म्हणाल्या. गेटकडं बघत होत्या, जिकडं ती माणसं गेली तिकडं. डोळे भरलेले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"त्यात त्याचं नाव हाय," त्या म्हणाल्या, "आणि कायद्यानं फोटो माझा हाय. एवढं जमलं की."

मग कोट काढून हातावर घेतला आणि भर उन्हात, रिक्षा न करता, बाळीवेशीकडं चालत निघाल्या.